एकमताने मंजूर

गेल्या वसंतात दक्षिण जर्मनीतल्या एका मराठी मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मंडळापेक्षा माझीच चूक जास्त आहे. इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘तू पीएचडी केली आहेस, तुला लिहायची सवय आहे’ हे त्याचं कारण. गणेशोत्सवाच्या वर्गणीत विद्यार्थ्यांना असलेली सवलत बंद करायची, असा ठराव होता. हॉलचं भाडं वाढलं होतं, त्यामुळे त्यामागे कारण नव्हतं असं नाही. सूचक झाले, अनुमोदक झाले. विरोधात कोण, असं विचारल्यावर मागच्या रांगेतून दोन हात वर आले. अध्यक्षस्थानी असलेले काका त्या दिशेला बघून हसले, म्हणाले, “अरे, मोठ्यांनी सगळा विचार केलाय.” हात खाली गेले. काकांनी “चला, म्हणजे सगळ्यांचं जमलं” म्हटलं, चहा आला, आणि मी लिहिलं : ठराव एकमताने मंजूर.

चार दिवसांनी त्या दोघांपैकी एकाचा फोन आला. इथल्याच हॉखशूलमध्ये मास्टर्स करतो, पार्ट-टाइम गोदामात पेट्या उचलतो. “ताई, मी हात वर केला होता. तुम्ही बघितलं होतं.” बघितलं होतंच. मी त्याला म्हटलं, अरे, शेवटी ठराव मंजूरच झाला, तुझा एक हात लिहून काय फरक पडला असता? तो म्हणाला, “काही नाही. पण मी होतो ना तिथे.”

या वाक्याने मला जितका त्रास दिला तितका दिला नसता, जर त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या जनरल असेंब्लीच्या कामकाजाचे जुने छापील खंड नसते. इंगोलश्टाटमध्ये माझं पोस्टडॉकचं काम एकोणिसाव्या शतकातल्या मिशन शाळांच्या जमाखर्चावर चालतं. जमाखर्च शोधायला गेलं की वादविवाद वाचावेच लागतात, कारण प्रत्येक पौंडामागे कुणीतरी उठून बोललेला असतो. मी ख्रिस्ती नाही. आजोळ कोल्हापूरचं, तिथलं वायल्डर मेमोरियल चर्च लहानपणी येताजाता दिसायचं, एवढाच माझा या मंडळींशी आधीचा संबंध. पण हे खंड वाचताना, हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे आणि आपण मराठीत त्याच्याकडे वाङ्मय म्हणून कधी पाहिलेलंच नाही, असं वाटू लागलं. भाषणं लांबलचक आहेत, आत्मस्तुतीही पुष्कळ आहे. पण मध्येच कंसात ‘हशा’ येतो, ‘टाळ्या’ येतात, ज्याचा मुद्दा पडणार हे सगळ्यांना दिसतंय त्याचंही भाषण तितक्याच इमानाने छापलेलं असतं. आणि सभेत हरलेल्या माणसाला एक हक्क असतो : आपला विरोध नावानिशी, हवा तर कारणांसकट, इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा.

या पद्धतीचा सांगाडा दोन ओळींत सांगते. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बिशप नाही. गावातल्या चर्चचा कारभार पाळक आणि निवडलेले ‘एल्डर’ मिळून पाहतात, त्यांच्या वर परिसरातल्या चर्चांची प्रेस्बिटरी, सगळ्यांत वर वर्षातून एकदा भरणारी जनरल असेंब्ली. स्कॉटलंडची पहिली असेंब्ली १५६० सालची. अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात, तो वर्षभरापुरता. राजाचा प्रतिनिधी येतो, पण त्याची गॅलरी सभागृहाच्या बाहेर धरली जाते. तो बघू शकतो, वादात पडू शकत नाही. १६९७ च्या एका कायद्याने तर असेंब्लीने स्वतःलाच लगाम घातला : कायमस्वरूपी नवा नियम करायचा तर तो आधी सगळ्या प्रेस्बिटऱ्यांकडे पाठवायचा आणि त्यांच्या बहुमताने संमती आली तरच पक्का करायचा. उत्साहाच्या भरात एका दुपारी काही होऊन जाऊ नये म्हणून.

आता यातला आपल्याशी जोडलेला पहिला वाद. मे १७९६. परदेशात मिशनरी पाठवावेत का, हा प्रश्न एडिंबरोच्या असेंब्लीत आला. ग्लॅड्समुइरचे पाळक जॉर्ज हॅमिल्टन यांनी विरोध केला. आधी माणसं सुधारली पाहिजेत, शिकली पाहिजेत, मगच त्यांना धर्म सांगण्यात अर्थ, असा त्यांचा युक्तिवाद. म्हातारे जॉन अर्स्किन उठले आणि मॉडरेटरकडे बायबल मागून त्यातूनच उत्तर देऊ लागले. मतदान झालं, ५८ विरुद्ध ४४. मिशन हरलं. म्हणून १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला जे स्कॉटिश मिशनरी उतरले ते असेंब्लीने पाठवलेले नव्हते, वर्गणीवर चालणाऱ्या स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे होते. असेंब्लीने स्वतःचं मिशन मंजूर केलं ते १८२४ मध्ये. अठ्ठावीस वर्षं त्या ४४ मतांची नोंद कागदावर होती. ‘असेंब्लीने एकमताने नाकारलं’ असं कुणी लिहून ठेवलं असतं, तर पुढच्या पिढीला कुठून सुरुवात करायची हे कळलं नसतं. मिशन व्हायला हवं होतं की नको, हा निराळा प्रश्न. माझ्या घरात त्याची दोन्ही उत्तरं ऐकायला मिळतात.

दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. १८ मे १८४३. जमीनदाराने निवडलेला पाळक गावकऱ्यांच्या इच्छेविरुद्ध लादता येतो का, यावर दहा वर्षं भांडण चाललं होतं, कोर्टांनी जमीनदारांच्या बाजूने निकाल दिले होते. मॉडरेटर डेव्हिड वेल्श यांनी असेंब्ली सुरू होताच निषेधपत्र वाचलं, राणीच्या प्रतिनिधीला वाकून नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागे शेकडो माणसं चालत टॅनफील्डच्या हॉलमध्ये गेली, थॉमस चामर्स यांना त्यांनी मॉडरेटर निवडलं आणि फ्री चर्च जन्माला आलं. साडेचारशेहून जास्त पाळकांनी पगार आणि राहती घरं सोडली. मुंबईतले स्कॉटिश मिशनरीही याच बाजूला आले. जॉन विल्सन त्या वेळी मुंबईत नव्हते. धनजीभाई नौरोजींना बरोबर घेऊन ते इजिप्त-पॅलेस्टाईनच्या वाटेने स्कॉटलंडकडे निघाले होते. हेच विल्सन पुढे १८७० मध्ये फ्री चर्चच्या असेंब्लीचे मॉडरेटर झाले. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजवर त्यांचं नाव आहे, पण ते ज्या खुर्चीत बसले होते ती खुर्ची काय होती हे त्या कॉलेजात शिकलेल्या माझ्या दोन मावश्यांना ठाऊक नाही. ‘कुठलेतरी पाद्री’ एवढंच.

त्याच १८४३ साली मुंबईत दुसरा वाद पेटला होता. नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा बारा-एक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली, कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला की ख्रिस्ती घरात जेवलेल्या या मुलाला जातीत घ्यायचं का. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून कंबर कसली, ब्राह्मणांत दोन तट पडले आणि जांभेकरांनाही जातीचा रोष सोसावा लागला. मराठीत ही गोष्ट आपण बाळशास्त्र्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण दोन सभा शेजारी ठेवून पाहा. एडिंबरोत विरोध करणाऱ्यांनी निषेध वाचला, नोंदवला आणि आपली वेगळी सभा मांडली. मुंबई-पुण्यात विरोध करणाऱ्यापुढे बहिष्काराचा प्रश्न उभा राहिला. एकीकडे मतभेद हा कागद होता, दुसरीकडे तो विटाळ होता. आणि श्रीपतीला काय वाटतं, हे निर्णायक मानायला मिशनरी, कोर्ट, शास्त्री यांपैकी कुणाकडेच जागा नव्हती. ज्या चर्चने त्याच वर्षी ‘लोकांच्या संमतीशिवाय पाळक नाही’ म्हणून घरदार सोडलं, त्याच्या माणसांनी त्या पोराच्या बापाची संमती फारशी मोजली नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

स्कॉटलंडच्या सभांचं मला कौतुक वाटतं, पण त्यांची आरती ओवाळायची नाही. फ्री चर्चला सुरुवातीला पैशांची चणचण होती, तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या गुलाम बाळगणाऱ्या मंडळ्यांकडूनही देणग्या घेतल्या, सुमारे तीन हजार पौंड. १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लस स्वतः स्कॉटलंडभर फिरून ‘पैसे परत करा’ म्हणून सभा घेत होते. असेंब्लीत वाद झाला, विरोधी भाषणं छापली गेली, पैसे परत गेले नाहीत. म्हणजे विरोध नोंदवला की निर्णय शहाणा होतो, असलं काही नाही. आणि या सगळ्या समतेत बाई कुठे होती? स्कॉटलंडच्या मुख्य चर्चमध्ये स्त्रियांना एल्डर होता आलं १९६६ मध्ये, पाळक होता आलं १९६८ मध्ये. चारशे वर्षं निम्मी माणसं गॅलरीतच.

तरी माझी खरी तक्रार स्कॉटलंडशी नाही, भाषांतराशी आहे. ‘प्रेस्बिटेरियन’ हा शब्द ग्रीक ‘प्रेस्बिटेरॉस’वरून आला, म्हणजे वयाने-मानाने मोठा. मराठी बायबलात त्याला ‘वडील’ म्हणतात. चर्च म्हणजे ‘मंडळी’ आणि तिचा कारभार पाहणारे ते ‘मंडळीचे वडील’. भाषांतर चुकीचं नाही, सुंदरच आहे. पण एडिंबरोचा एल्डर निवडला जातो, पाळकाच्या बरोबरीने मत देतो आणि भर सभेत त्याच्याविरुद्ध बोलता येतं. मराठी घरातले वडील निवडले जात नाहीत, आणि त्यांच्याविरुद्ध बोलणं याला आपल्याकडे ‘उलट बोलणं’ म्हणतात. पद्धत आली स्कॉटलंडहून, शब्द आला आपल्या ओसरीवरून, आणि ओसरी जिंकली.

ओसरी जिंकण्यात मिशनऱ्यांचाही हात होता, नाही कसा? कोल्हापूरचं उदाहरण घ्या. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये तिथे गेले, पुढे १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम हाती घेतलं. मिरजेचं वॉन्लेस डॉक्टरांचं रुग्णालय याच परंपरेतलं. अशा मिशनांत दोन सभा असत. एक प्रेस्बिटरी, जिथे मराठी पाळक आणि वडील बसत, मत देत. दुसरी ‘मिशन’ची, जिथे परदेशी मिशनरी बसत. धर्मशिक्षण, शिस्त, पाळकांची दीक्षा हे पहिल्या सभेत. पैसे, शाळा, जमिनी, पगार हे दुसऱ्या सभेत. म्हणजे मराठी माणसाला मत होतं, फक्त ज्याला पैसे लागतात अशा कुठल्याही गोष्टीवर नव्हतं. मायबाप सरकारसारखं मायबाप मिशन. ही कुचंबणा प्रेस्बिटेरियनांपुरती नव्हती. अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेत, नारायण वामन टिळकांनी वर्षानुवर्षं काम करून अखेर १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात स्वतःची मंडळी मांडली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘देवाचा दरबार’. दरबार! मिशनच्या बैठकांना विटलेल्या माणसाला सभा हा शब्दच नको झाला असेल, हे मी समजू शकते. पण दरबारात मतदान नसतं, हेही तितकंच खरं.

पुढचा प्रवास भराभर सांगते, कारण त्याची कागदपत्रं रुक्ष आहेत. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर भारताचं संयुक्त चर्च झालं, त्यात कोल्हापूर आणि अहमदनगर एका छताखाली आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात आणखी मोठं एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन मंडळी बरोबर आल्यामुळे आता बिशपही आले. म्हणजे बिशप नको म्हणून ज्यांचे आध्यात्मिक पणजोबा राजांशी भांडले, त्यांनी सभेत ठराव करून बिशप घेतला. त्यामागे एकीची खरी ओढ होती. पण काही मंडळ्यांना ते पटलं नाही आणि मालमत्तेचे खटले वर्षानुवर्षं चालले. एकीकरणानंतर खटले हीही स्कॉटलंडचीच देणगी म्हणावी का? १९०० मध्ये फ्री चर्च दुसऱ्या चर्चमध्ये विलीन झालं, तीसहून कमी पाळक विरोधात राहिले, आणि १ ऑगस्ट १९०४ रोजी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्या मूठभरांना दिली, कारण मूळ तत्त्वांना चिकटून राहिले ते हेच. परदेशी मिशनांच्या इमारतीही त्यातच. शेवटी १९०५ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून वाटणीसाठी आयोग नेमला. विरोधी मताला किंमत असते ती अशी, चक्क पौंडांत.

मी हे लिहिते ते गाव या सगळ्यात कुठे बसतं? इंगोलश्टाटला प्रेस्बिटेरियन परंपरा नाही. हे कॅथलिक बव्हेरिया. लुथरशी लाइपझिगला १५१९ मध्ये वाद घालणारे योहान एक इथल्याच विद्यापीठाचे प्राध्यापक, आणि त्यांचं स्मारक इथल्या मोठ्या चर्चमध्ये आहे. विद्यापीठ १४७२ चं, १८०० मध्ये इथून हललं, जुनी इमारत अजून उभी आहे. १५२३ मध्ये अर्साकिउस झेहोफर नावाच्या अठरा वर्षांच्या तरुण शिक्षकाला लुथरची मतं बाळगल्याबद्दल इथे सगळ्यांसमोर मतं मागे घ्यायला लावलं आणि मठात धाडलं. त्यावर अर्गुला फॉन ग्रुमबाख या बाईंनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. तुमच्याशी जाहीर चर्चा करायला मी तयार आहे, मला लॅटिन येत नाही, जर्मनमध्ये बोलू, असं त्यांचं म्हणणं. पत्र छापलं गेलं, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. विद्यापीठाने त्यांना उत्तर दिलं नाही. त्यांच्या नवऱ्याची नोकरी मात्र गेली. त्या इमारतीवरून जाताना मला हल्ली जाणवतं की विद्वानांची ती सभाही एकमतानेच चालली असणार. इतिवृत्तात अर्गुलाबाई नसतील.

आणि परदेशात राहणाऱ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी एक गोष्ट. ऑक्टोबर १५७१ मध्ये जर्मनीच्या वायव्य टोकाला एम्डेन गावात एक सभा भरली. जमलेले बहुतेक नेदरलँड्समधून जीव वाचवून आलेले, किंवा अशांच्या मंडळ्या सांभाळणारे. त्यांनी जी नियमावली केली तिचं पहिलंच कलम असं, की कुठल्याही मंडळीने दुसऱ्या मंडळीवर, कुठल्याही पाळकाने दुसऱ्या पाळकावर वरचष्मा गाजवायचा नाही. पुढे जर्मन आणि डच सुधारित चर्चांनी हाच पाया धरला. परमुलखात, भाड्याच्या जागेत बसलेल्या लोकांनी सर्वांत आधी ठरवलं ते हे. आपण परमुलखात पहिलं ठरवतो ते ढोलताशा पथकाचं. मलाही ढोल आवडतो. मी फक्त क्रम सांगते आहे.

मंडळ स्थापायला इथे सात सभासद लागतात, घटना लागते, नोंदणी कोर्टात होते, इतिवृत्तावर सह्या लागतात. जर्मन कायद्याने आपल्याला सांगाडा पुरवलेला आहे, जसा अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी कोल्हापूरला पुरवला होता. आत ओसरी आपली. यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांचं म्हणणं असं, की मतं मोजायला लागलं की माणसं दुरावतात, इथे आधीच मूठभर आहोत, आणि एकमत ही आपली ताकद आहे. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. फ्री चर्चच्या फुटीनंतर कित्येक गावांत भावाभावांचं बोलणं तुटलं होतं. पण त्यांच्या सांगण्यातलं एकमत आणि मी लिहिलेलं एकमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक घडवावं लागतं, रात्र-रात्र बोलून. दुसरं मी चहा यायच्या आत तीन शब्दांत लिहून टाकलं. तो मुलगा दुरावला तो मतं मोजल्यामुळे नव्हे.

मी चिटणीसांना मेल केली, की इतिवृत्तात चूक माझी आहे, ‘२५ बाजूने, २ विरोधात’ अशी दुरुस्ती करावी, आणि विरोध करणाऱ्यांची हरकत नसेल तर नावं घालावीत. त्यांचा फोन आला. “अगं, आता सह्या झाल्यात. आणि नावं कशाला? उगाच त्या पोरांना वाईट दिसेल.” मी म्हटलं, पोरांना विचारूया. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, काकांना विचारून सांगतो.

काकांचा निरोप अजून यायचा आहे. मुलाला मी विचारलं, नाव घालू का. तो म्हणाला, “घाला की. आडनावासकट घाला.” दुसऱ्याने नको म्हटलं.